दुःखाचे नेमके नाव



उपवासकाळ सुरू झाला तेव्हा आपल्या दृढीकरणाच्या वर्गात आम्ही शिक्षकांनी मुलांना एक साधे काम दिले. प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी दिली आणि म्हटले, "गेल्या काही दिवसांत मनाला जो त्रास झाला असेल, तो एका शब्दात लिहा. नाव लिहायचे नाही. चिठ्ठ्या आम्ही वाचू आणि मग मिस्साच्या वेळी वेदीपाशी ठेवू." एवढाच आमचा विचार होता.

मुले घरी मराठी बोलतात, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे शब्दही बहुतेक इंग्रजीच आले. 'सॅड', 'अपसेट', 'टेन्शन', 'गिल्टी'. आणि जवळजवळ अर्ध्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, 'डिप्रेस्ड'.

खरे सांगायचे तर आम्हाला आधी हसूच आले. एवढ्याशा पोरांना कसले डिप्रेशन! आमच्या वेळी असे शब्दही नव्हते, असे आम्ही एकमेकांत बोललोही. पण वर्ग सुटल्यावर चहा-बिस्किटे झाली आणि मुले आपणहून बोलू लागली, तेव्हा आमचे हसू जागच्या जागी विरले. मुलांना विचारून आणि तपशील बदलून त्यातले थोडे येथे सांगतो.

एका मुलीची आजी दिवाळीच्या आधी वारली होती. अजूनही शाळेतून घरी आल्यावर ती आधी आजीच्या खाटेकडे बघते. एका मुलाची संघात निवड झाली नव्हती. एका मुलीच्या जिवलग मैत्रिणीला कोचिंग क्लासच्या परीक्षेत तिच्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळाले होते, आणि त्या दिवसापासून तिला मैत्रिणीच्या तोंडाकडे बघवत नव्हते. एकाने घरातले पैसे न विचारता घेतले होते आणि आळ धाकट्या भावावर गेला होता. आणि एक मुलगा सगळे गेल्यावर मागे राहिला. म्हणाला, "सर, मला वाईटपण वाटत नाही. काहीच वाटत नाही. दोन महिने झाले, रात्री झोप येत नाही. मॅच लागली तरी बघावीशी वाटत नाही."

या पाचही मुलांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला होता. शब्द एक, दुःखे पाच.

हा प्रश्न फक्त भाषेचा आहे का? इंग्रजीच्या बाईंनी सोडवावा असा? आम्हाला तसे वाटत नाही. त्या दिवसापासून आम्ही आपसात यावर बरेच बोललो, थोडे वाचलेही. दुःखाला दिलेले नाव म्हणजे घराच्या पत्त्यासारखे असते, असे आम्हाला वाटू लागले आहे. पत्ता चुकला की माणूस भलत्याच दारावर जाऊन थांबतो. कुणाला डॉक्टरांकडे जायचे असते, कुणाला पापनिवेदनाला, कुणाला मैत्रिणीकडे, कुणाला फक्त कबरस्थानात जाऊन एक मेणबत्ती लावायची असते. नाव चुकले तर दार चुकते, आणि दुःख तिथेच राहते.

मुलांच्याच शब्दांपासून सुरुवात करू या. 'सॅड' हा सर्वांत साधा शब्द. मन उदास आहे एवढेच तो सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. 'अपसेट' म्हणजे मनाची घडी विस्कटली. त्यात दुःख असेल, राग असेल, नुसता गोंधळही असेल. 'डिसअपॉइंटेड' म्हणजे ज्याची आशा धरली होती ते झाले नाही. 'ग्रीफ' म्हणजे शोक, आपले माणूस गेल्याचा. 'रिग्रेट' आणि 'रिमोर्स' हे दोन शब्द जवळचे वाटतात, पण गाडी चुकली तर रिग्रेट होईल, रिमोर्स होणार नाही. आपल्या हातून कुणाचे वाईट झाले असेल तरच रिमोर्स. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच आहे पुन्हा चावणे. केलेली गोष्ट मागून येऊन चावते. 'जेलस' आणि 'एन्व्ही' यांतही असाच फरक केला जातो. आपल्याजवळ आहे ते दुसरा नेईल या भीतीने जीव जळतो तो एक, आणि दुसऱ्याजवळ आहे म्हणून जळतो तो दुसरा. आणि 'डिप्रेस्ड'चा मूळ अर्थ खाली दाबलेला. आज तो डॉक्टरांचा शब्द आहे. त्यांच्या दृष्टीने तो एका आजाराचा शब्द आहे.

याचा अर्थ मराठी गरीब आहे असे मुळीच नाही. उलट, आपल्या आयाबायांनी घडवलेली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. बस चुकली की चुटपुट लागते. शेजाऱ्याचे नुकसान झाले की हळहळ वाटते. दाराला कुलूप नीट लावले की नाही, याची रुखरुख लागते. मुलगी होस्टेलला गेली की घरात हुरहुर वाटते. आईला शेवटचे भेटायचे राहून गेले याची खंत उरते. राग गिळून माणूस कुढतो, विरहाने झुरतो, आणि संकटामागून संकट आले की खचतो, पावसात मातीची भिंत खचावी तसा. पाप घडले की पश्चात्ताप होतो. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे धग. काम उरकल्यावर चूल विझते, पण राखेखाली धग राहतेच.

एवढे शब्द असून आपण वापरतो काय? 'वाईट वाटलं.' कुणी अपमान केला, वाईट वाटलं. कुणी मेले, वाईट वाटलं. आपण कुणाला फसवले, तरी वाईट वाटलं. आणि आता त्यात 'सॉरी'ची भर पडली आहे. गर्दीत पायावर पाय पडला की सॉरी, आणि मयतीच्या घरी गेलो तरी सॉरी. म्हणजे दोष इंग्रजीचा नाही आणि मराठीचाही नाही. कुठलाही एकच शब्द हाताशी ठेवायचा आणि सगळ्या जखमांवर तोच लेप लावायचा, ही सवय आपली आहे.

आपल्या ख्रिस्तसभेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात दुःखाचे प्रकार सांगितले आहेत. दुःख किती मोठे आहे यापेक्षा ते कशाबद्दल आहे, हे ते आधी विचारतात. दुसऱ्याचे वाईट झाले आणि ते आपल्याला आपलेच वाटले, तर त्या दुःखाचे नाव दया. दुसऱ्याचे चांगले झाले आणि ते आपल्याला आपले नुकसान वाटले, तर त्या दुःखाचे नाव हेवा. बंधुभगिनींनो, जरा विचार करा. दोन्ही दुःखांत छाती सारखीच भरून येते. दोन्हींत झोप उडते, घास गोड लागत नाही. पण एक पुण्याची सुरुवात आहे आणि दुसरे सात प्रमुख पापांपैकी एक आहे. नुसते 'मला वाईट वाटतंय' म्हणून भागत नाही ते यासाठी.

आमच्या वर्गातल्या त्या मैत्रिणीवाल्या मुलीचेच घ्या. घरी सगळे तिला समजावत होते, "अगं, डिप्रेस होऊ नकोस, पुढच्या परीक्षेत तुलाही मिळतील गुण." तिला ते ऐकून आणखीच चीड येई. कारण तिचे दुःख गुणांचे नव्हतेच. आम्ही तिला काही सांगितले नाही, फक्त विचारले, "समजा, तुझे गुण आहेत तेवढेच राहिले, पण मैत्रिणीचे कमी झाले, तर बरे वाटेल का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "हो. मी किती वाईट आहे ना?" आम्ही म्हटले, "वाईट नाहीस. तुला हेवा वाटतोय. तो सगळ्यांना वाटतो, आम्हालाही वाटतो." नाव कळल्यावर काय करायचे ते तिचे तिलाच कळले. पुढच्या रविवारी त्या दोघी एकाच सायकलवर आल्या.

पैसे घेणाऱ्या मुलाचे दार वेगळे होते. त्याला जर आम्ही प्रेमाने म्हटले असते, "जाऊ दे रे, एवढे मनाला लावून घेऊ नकोस," तर ते प्रेम ठरले नसते. त्याच्या मनातली धग खरी होती आणि ती विझवायची नव्हती, तिच्या उजेडात धाकट्या भावापर्यंत जायचे होते. त्याने आधी आईला सांगितले, मग भावाला, मग तो पापनिवेदनाला गेला. पश्चात्तापाला 'डिप्रेशन' म्हटले की आपण त्या माणसाची क्षमेची वाट बंद करतो. कारण आजाराला कुणी क्षमा करत नाही, आजाराला फक्त औषध असते.

आणि याच्या अगदी उलटही घडते. ते जास्त घडते, आणि त्याची किंमत फार मोठी असते. तो शेवटी मागे राहिलेला मुलगा आठवा. वडील त्याला आळशी म्हणत होते. आई म्हणत होती, मोबाईलचे वेड. आणि आम्ही शिक्षक? आमच्या मनात त्याची नोंद होती, 'प्रार्थनेत लक्ष नसते' अशी. तीन चांगल्या माणसांनी तीन चुकीची नावे दिली होती. चिठ्ठीवर त्याने स्वतः जे लिहिले होते तेच खरे होते, आणि त्यालाच आम्ही हसलो होतो.

आळस या शब्दाचीही एक गोष्ट आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे एक तपस्वी राहत होते. साधूच्या मनाला छळणारे आठ विचार त्यांनी लिहून ठेवले. त्यांत उदासी वेगळी होती आणि 'अकेडिया' वेगळी. अकेडिया म्हणजे भर दुपारी येणारा वीट. सूर्य जागचा हलत नाही, दिवस संपत नाही, खोपटीत बसवत नाही, ज्या देवासाठी सगळे सोडले त्याचेही काही वाटेनासे होते. मे महिन्यातली नागपूरची दुपार ज्याने कूलर बंद पडल्यावर काढली आहे, त्याला हे वर्णन समजावून सांगायला नको. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस थोर पोप संत ग्रेगोरी यांनी प्रमुख पापांची यादी केली, तीत उदासी राहिली आणि अकेडियाचे वेगळे नाव उरले नाही. आणखी पुढे त्या जागी अकेडिया परत आली, आणि लोकांच्या बोलण्यात तिचा झाला आळस. म्हणजे जे मुळात एक प्रकारचे दुःख होते, त्याला आपण कामचुकारपणा म्हणू लागलो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मात्र आळसाबरोबर अकेडिया हे जुने नाव पुन्हा दिलेले आहे. नाव चुकल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे ते असे.

पण येथे एक सावधगिरी हवी. त्या मुलाचे दुःख अकेडियाही नव्हते. साधूचा वीट हा आध्यात्मिक संघर्ष आहे, आणि डिप्रेशन हा आजार आहे. मधुमेह जसा आजार आहे, तसाच. डॉक्टर त्याची खूण अशी सांगतात: मन सतत खिन्न असणे किंवा कशातच गोडी न उरणे, हे दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे चालणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे. अशा माणसाला 'विश्वास वाढव, रोझरी कर' एवढेच सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'चालत राहा' म्हणण्यासारखे आहे. रोझरी आपण त्याच्यासाठी करू या, आणि त्याला डॉक्टरांकडेही नेऊ या. आपल्या नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवायला कमीपणा मानू नये.

मग आजार कोणता आणि पश्चात्ताप कोणता, हे ओळखायचे कसे? हे दोघे एकमेकांचे कपडे घालून येतात, हीच अडचण आहे. आजारी मन न केलेल्या गुन्ह्याबद्दलही स्वतःला दोषी ठरवते. आम्हाला एक साधा प्रश्न उपयोगी पडला: "तू नक्की काय केलेस?" खरा अपराध असेल तर त्याला दिवस असतो, जागा असते, दुखावलेला माणूस असतो. 'शुक्रवारी, आईच्या पर्समधून, आणि आळ भावावर गेला.' असे उत्तर आले तर दार पापनिवेदनाचे आहे. पण उत्तर नुसतेच 'मी वाईट आहे, माझा काही उपयोग नाही' असे आले, आणि काय केले ते सांगताच येत नसेल, तर तो पश्चात्ताप नसावा. ती लाज असेल किंवा आजार असेल. इंग्रजीत 'गिल्टी' आणि 'अशेम्ड' यांत हाच फरक आहे. पहिला शब्द सांगतो, माझ्या हातून वाईट झाले. दुसरा सांगतो, मीच वाईट आहे. अर्थात हा प्रश्न म्हणजे काही तपासणी नव्हे. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावे.

पवित्र शास्त्रात पेत्र आणि यहुदा यांच्या गोष्टी शेजारी शेजारी येतात. एकाने प्रभूला नाकारले, दुसऱ्याने धरून दिले. दोघांनाही भयंकर दुःख झाले. यहुदाने तर पैसेही परत नेऊन दिले आणि आपण निर्दोष माणसाचा घात केला, हे तोंडाने कबूल केले. मग फरक कुठे पडला? पेत्र रडला आणि परत आपल्या माणसांत आला. यहुदा याजकांकडे गेला, आणि तुझे तू बघ, असे म्हणून त्यांनी त्याला एकटे सोडले. त्याच्या मनात शेवटी काय होते हे देव जाणे. आपण त्याचा न्याय करू नये. पण आम्हाला नेहमी वाटते, त्या दिवशी तो चुकीच्या दारावर गेला, आणि दारातल्या माणसांनी त्याला आत घेतले नाही. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना दोन दुःखे वेगळी सांगितली आहेत: एक देवाकडे वळवणारे आणि तारणारे, दुसरे जगाचे आणि मारणारे.

याचा अर्थ दुसऱ्याच्या दुःखाला नाव देताना तर आपण फारच जपले पाहिजे. ईयोबाचे मित्र आठवतात ना? ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या शोकाला 'पापाची शिक्षा' हे नाव दिले. शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

आपण विदर्भात राहतो. आपल्यापैकी कितीजणांची मुळे खेड्यात आहेत. शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी चौकशीत कारण ठरवावे लागते. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा असे कारण निघाले तर प्रकरण 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. सरकारी मदतीला नियम लागतो, हे आम्ही समजतो. पण अपात्र ठरलेल्या घरातली बाई कागदावरचा तो शब्द कसा वाचत असेल? आणि गावही आपले नाव देऊन मोकळे होते: दारू प्यायचा, भित्रा होता, बायकोशी पटत नव्हते. कर्ज, आजार, दारू, न लागलेली झोप, हे सगळे एका माणसात एकत्र गुंतलेले असते. त्याला जिवंतपणी कुणी विचारले नाही, आणि मेल्यावर एका शब्दात बसवले.

ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला. १९१७ च्या धर्मविधी संहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या संहितेत तो नियम राहिला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. जीवन ही देवाची देणगी आहे, ही शिकवण जराही बदललेली नाही. पण त्या माणसाच्या दुःखाकडे ख्रिस्तसभा जास्त जवळून बघू लागली.

आमच्यापैकीच एका शिक्षिकेने एक हरकत घेतली, ती सांगितलीच पाहिजे. त्या म्हणाल्या, "हे सगळे शिकलेल्यांचे झाले. माझ्या आजीला ना इंग्रजी येत होते, ना संत थॉमस माहीत होते. मग तिला तिचे दुःख कळत नव्हते का?" प्रश्न रास्त आहे. शब्द कमी म्हणून भावना कमी, असे कधीच नसते. पण त्यांनीच पुढे सांगितले की आजोबा गेल्यावर आजी म्हणायची, "जीव लागत नाही बाप्पा." कर्जवाला दारात आला की म्हणायची, "पोटात कालवतं." आणि थोरल्या सुनेला उगाच बोलली त्या रात्री म्हणाली, "माझा मलेच राग येते." बघा, तीन दुःखे आणि तीन वेगळी नावे. आजीला शब्दकोश लागला नाही. तिने आत डोकावून पाहिले आणि दिसले ते सांगितले. म्हणजे शब्द विद्वत्तेचा नसला तरी चालेल, तो खरा मात्र हवा.

आणि कधी कधी कुठलाच शब्द सापडत नाही. तेही ठीक आहे. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचूनच्या उसाशांनी आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे संत पौल रोमकरांना सांगतो. देवाला आपल्या शब्दांची गरज नाही. आपल्याला आहे, आणि आपल्या शेजाऱ्याला आहे. स्वतः प्रभू येशूनेही गेथसेमानेच्या बागेत आपले दुःख लपवले नाही. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असे त्याने मित्रांना उघड सांगितले, आणि जवळ थांबा, जागे राहा, असे सांगितले. मित्र झोपी गेले, ही गोष्ट वेगळी. पण मदत मागताना त्याने 'काही नाही, थोडा मूड ऑफ आहे' असे म्हटले नाही.

संत थॉमस यांनी दुःखावरचे उपायही सांगून ठेवले आहेत. ते वाचून आम्हाला मौज वाटली आणि धीरही आला. आनंद देणारे काही करावे, रडावे, मित्रांना सांगावे, सत्याचे चिंतन करावे, आणि शेवटी, झोप घ्यावी व अंघोळ करावी. एवढे मोठे संत, पण शरीराला विसरले नाहीत.

तेव्हा या उपवासकाळात आमची एक विनंती आहे. रात्री झोपण्यापूर्वी विवेकाची तपासणी करताना, मी काय चुकलो, या प्रश्नाच्या आधी, मला काय दुखते आहे, हाही प्रश्न विचारू या. ते कशाबद्दल आहे? ते मी कुणाला सांगू शकतो? घरातले मूल 'डिप्रेस्ड आहे' म्हणाले तर हसू नये आणि एकदम घाबरूनही जाऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि म्हणावे, "सांग ना, म्हणजे नेमके कसे वाटते?" आणि मग ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेच करावे. गप्प बसून ऐकावे.

तो मागे राहिलेला मुलगा आता औषध घेतो आहे. अजून पूर्ण बरा नाही. परवा त्याचे वडील मिस्सा झाल्यावर गेटपाशी भेटले. म्हणाले, "सर, दोन महिने मी पोराला आळशी म्हणत होतो." आम्ही म्हटले, "आम्हीही त्याच्या चिठ्ठीला हसलो होतो." पुढे दोघांनाही काही बोलता आले नाही. मुलगा स्कूटरजवळ उभा होता. वडिलांनी जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते दोघे घरी गेले.

परमेश्वर आपल्या सर्वांच्या दुःखाजवळ बसो, आणि एकमेकांच्या दुःखाजवळ बसण्याचा धीर आपल्याला देवो.